अजगराच्या घरातली वेगळी चूल

आटपाट संगणक होता. त्यात सगळी कामं चालवणारा एक अजगर, गणितं करणारा मोजणीदार आणि त्याच्या आकड्यांवरून चित्रं काढणारी रेखा नांदत होती. एकदा संगणकाच्या मालकिणीनं मोजणीदाराला काढून त्याच नावाचा नवा आणला. तेव्हापासून पडद्यावरची कामाची खिडकी उघडेना. काळी व्हायची नि मिटायची, आणि आतून काढून टाकलेल्या जुन्याचं कण्हणं ऐकू यायचं.

“अजगरमामा, नाव तेच, पण डोळे जुन्याचे नव्हेत. याच्या हातचे आकडे मी घेणार नाही.”

“अगं रेखा, खिडकी उघडली नाही तर मालकीण आपल्या सगळ्यांना पुसून टाकील!”

“पुसू दे. त्याचं नाव लावलेल्या या भुताच्या हातचं घेण्यापेक्षा बरं!”

अजगरानं हाका मारून जुन्याला परत आणलं. नव्याला हाकललं नाही; तो पुढच्या खोलीतल्या चुलीवर राहिला. रेखाला नि जुन्याला मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून दिली. खिडकी लख्ख उघडली. पुसायला आलेला मालकिणीचा हात थांबला, आणि अजगराचं घर दोन चुलींनी भरलं.