विणकराने बुजवलेला बोळ

फार पूर्वी एका विहिरीभोवती एक गाव वसलं होतं. तिथे एक विणकर राहायचा. हातात जादू, पण स्वभावाने भारी तिरसट! गावाची एक रीत होती. घर कुठेही बांधा, पण बोळाला दोन्हीकडून वाट ठेवा.

लेकीच्या लग्नाचा शालू विणायचा म्हणून विणकराने दारासमोरच्या बोळात रेशमी ताणा पसरला. विहिरीवर निघालेल्या बाया म्हणत, "दादा, तेवढे धागे उचला की!" दिवसातून वीस वेळा उठबस कोण करणार? तो तडक पाटलाकडे गेला.

"विहिरीकडचं तोंड बुजवू द्या. लोकांना थोडा वळसा पडेल, एवढंच."

"अरे बाबा, आज तू बुजवशील, उद्या सगळे बुजवतील."

"बुजवू देत की! माझं काय जातंय?"

पाटलाने कटकट नको म्हणून मान डोलावली. तिथेच चुकलं!

दोन पुरुष उंच भिंत उभी राहिली. "एवढी जाड कशाला, दादा?" गवंड्याने विचारलं.

"कोणी भगदाड पाडू नये म्हणून. चुन्यात हात आखडू नकोस."

झालं! एकाचं बघून दुसऱ्याने बोळ बुजवला. गाव वाढतच होतं, आणि नव्या घरांमधले बोळ तर बांधतानाच एका टोकाला बंद ठेवले. पाठीमागच्या घरी विरजण मागायला अर्धा कोस चालावं लागे. विणकर मात्र खूश होता. शालू पुरा होत आला होता.

एके दिवशी भर दुपारी विणकराच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि छप्पर पेटलं. गाव विहिरीकडे धावलं. हातोहात घागरी पुढे जाऊ लागल्या आणि भिंतीशी येऊन थांबल्या. वरून फेकलेलं पाणी भिंतीवरच आपटून खाली येई. काहीजण घागरी घेऊन वळशाने निघाले, तर ज्या बोळात शिरावं तो पुढे बंद!

विणकराने बायको-लेकीला कसंबसं बाहेर ओढलं. पुन्हा आत जायची सोय उरली नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून ओरडला, "पाडा रे भिंत!"

पलीकडून गवंडी रडवेल्या आवाजात म्हणाला, "पहार लागत नाही, दादा! तुम्हीच अशी बांधून घेतलीत!"

चाळीस पावलांवर भरलेली विहीर होती, शंभर माणसं होती, आणि इकडे डोळ्यांदेखत माग जळत होता. मागावरचा शालूही गेला.

घटकाभराने एकजण धापा टाकत पहिली घागर घेऊन पोचला. समोर राखेचा ढीग होता.

"दादा," त्याने विचारलं, "कुठं ओतू?"

तात्पर्य: येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास नको म्हणून वाट बुजवली, की वेळेला धावून येणाराही त्याच भिंतीशी अडतो.