वडाच्या पोटातले मृत्युपत्र

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याचा कुणावरच विश्वास बसत नसे. आपले मृत्युपत्र त्याने धूम्रनाथ मांत्रिकाकरवी लपवले आणि वर शाप घालून ठेवला: ते वाचल्यावाचून जो सिंहासनावर बसेल, तो ते वाचले जाईपर्यंत पाषाण होऊन राहील. बहीण चारुमती हिला तो म्हणाला, "माझ्यामागे माझ्या इच्छा तू पुऱ्या करायच्या. जागा वेळ आली की सांगेन."

वेळ आली ती शिकारीत, घोड्यावरून पडून. सांगायला सवड मिळाली नाही.

थोरला राजपुत्र वीरध्वज शाप हसण्यावारी नेऊन सिंहासनावर बसला आणि बसल्या जागी दगड झाला. चारुमतीने त्याच्या गार कपाळावरून हात फिरवला. तिला भावाचे दुःख होते, पण त्याहून त्याचा राग आला होता.

राजाची मैना बोलली, "जागा धूम्रनाथाला ठाऊक. उत्तरेच्या अरण्यात जा."

धूम्रनाथ म्हणाला, "अधिकारी माणूस येईल त्याला दे, असे राजाने सांगितले. नाव सांगायचे राहून गेले. ती तूच कशावरून? ज्वालागिरीचा निखारा आण."

तिने तो ओंजळीत आणला. तळहात भाजले.

"नागसरोवराचे पाणी आण."

उभारलेल्या फण्यांमधून वाट काढत ती घागर भरून परतली.

"आता ऐक. मृत्युपत्रात तुझ्यासाठी काहीही नाही. तरी हवे?"

ते चारुमतीला निखाऱ्याहून अधिक लागले. मग म्हणाली, "हवे. माझा भाचा दगड होऊन बसला आहे."

मांत्रिकाने अंगणातल्या वडाच्या मुळाशी निखारा ठेवला, वर पाणी शिंपडले. खोड दुभंगले. आत ताम्रपट होता.

तो तिने भर दरबारात वाचला. सीमेवरचे किल्ले वीरध्वजाला, राज्य धाकट्या राजकन्येला, हेमांगीला. शेवटचे अक्षर उच्चारताच दगडाला घाम फुटला. वीरध्वजाने श्वास घेतला, तो खाली उतरला आणि बहिणीला हात धरून त्याने सिंहासनावर बसवले.

राज्याची घडी बसली. पुढे चारुमतीने आपलेही मृत्युपत्र लिहिले आणि दोघा भाच्यांना देवघरात बोलावले.

"हे देवीच्या चौरंगाखाली आहे. प्रधानांनाही सांगितले आहे."

हेमांगीचे डोळे भरले. "आत्याबाई, आजच कशाला?"

"आज मी सांगू शकते, म्हणून."