चिमटा बरा की वाटी?

एका प्रसूतिगृहात एक वृद्ध डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. अडलेले बाळ बाहेर घ्यायला लोखंडी चिमटा बरा, की डोक्याला चिकटून ओढणारी व्हॅक्यूमची वाटी बरी, हा एकच प्रश्न त्याने वर्षभर लावून धरला होता. बाई दर वेळी म्हणत, "बाळंतीण बघून सांगेन." हे उत्तर ऐकले की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. एवढ्या विदुषी, आणि साध्या प्रश्नाला बगल देतात!

एके दुपारी शेवंता नावाची पहिलटकरीण अडली. जोर लावून लावून ती घामाघूम झाली, पण बाळाचे डोके जागचे हलेना. बाळाचे ठोके अजून ठीक होते. किती वेळ राहतील याचा मात्र भरवसा नव्हता. शिष्याने दोन्ही हत्यारे मांडली आणि बाईंना बोलावून आणले.

"मॅडम, आज तरी सरळ सांगा. चिमट्याची पकड पक्की, पण आईला जखमा होतात. वाटी आईला जपते, पण मध्येच निसटते, बाळाच्या डोक्याला टेंगूळ आणते. मग घेऊ काय?"

"डॉक्टर, मला जरा..." शेवंता कण्हली.

"थांबा हो ताई, तुमचंच चाललंय!" तो खेकसला.

बाईंनी दोन्ही हत्यारांवर कपडा टाकला. शेवंताच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लघवीची नळी आण."

शिष्य मनातल्या मनात चरफडला. इथे दोन जीव टांगणीला लागलेत आणि यांना लघवी सुचतेय! पण त्याने नळी घातली, आणि बघता बघता भांडे भरले. पुढच्या कळेला डोके खाली सरकले, त्यापुढच्या कळेला आणखी. हत्यारे कपड्याखालीच राहिली आणि शेवंताच्या लेकीने टाहो फोडला.

हात धुता धुता बाई म्हणाल्या, "लघवीच्या भरल्या पिशवीने बाळाची वाट अडवली होती. चिमटा लावला असतास, तर पिशवीला इजा झाली असती. वाटी लावली असतीस, तर ती निसटली असती आणि तू वाटीलाच नावं ठेवली असतीस. उद्या एखादीला चिमटाच लागेल, एखादीला वाटीच. पण ते हत्यारांकडे बघून कसं कळणार, बाबा?"

तेवढ्यात शेवंता बोलली, "मी कवाधरनं सांगतीया, लघवीला लागलीय म्हून. पन ह्यांचं आपलं चिमटा न् वाटी, चिमटा न् वाटी!"

शिष्याने मान खाली घातली.

काही दिवसांनी आणखी एक बाळंतीण अडली. शिष्य सवयीने हत्यारांच्या कपाटाकडे वळला, थबकला आणि मागे फिरला. तिच्या उशाशी वाकून त्याने विचारले, "काय होतंय, ताई? सांगा, मी ऐकतोय."