भिंतीवरचं जंगल

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलं मोठी होती आणि राज्यं लहान.

अशाच एका जंगलात वानर आणि चितळ शेजारधर्म पाळून राहत. वानर झाडावरून कोवळा पाला खाली टाकत आणि चितळ तो खात. शिवाय एक वानर कायम शेंड्यावर पहाऱ्याला बसे. वाघ दिसला की तो ओरडे आणि चितळ पळून जात.

एकदा राजवाड्यातल्या पिंजऱ्यातून सुटलेला पोपट तिथे आला. राजाकडचे पेरू खाऊन तो शहाणाही झाला होता.

"महालाच्या भिंतीवर एक जंगल रंगवलंय," तो म्हणाला. "हुबेहूब असंच. आपण चित्रातले आहोत, हे त्यातल्या वानरांना कुठे ठाऊक आहे? मग आपण तरी कशावरून खरे?"

वानरांचा नाईक हे ऐकून इतका भारावला, की त्याने पहाराच मोडीत काढला. "वाघ चित्रातला, चितळही चित्रातलं. उगाच घसा कोण कोरडा करणार?"

एक वानरी मात्र मुकाट्याने शेंड्यावर जाऊन बसली.

"अगं, चित्राची राखण करतेस होय?" नाईक हसला.

"करते. माझं काय जातंय?"

एका दुपारी तिला गवतात वाघ दिसला. पाणवठ्यावर एक पाडस एकटंच पाणी पीत होतं. वानरी जीव तोडून ओरडली. पण वारा उलटा होता, पाडसाला ऐकूच गेलं नाही. तेव्हा ती सरसर अगदी खालच्या फांदीवर उतरली आणि पुन्हा ओरडली. पाडस उधळलं. चिडलेल्या वाघाने तिच्यावरच झेप घेतली. ती कशीबशी निसटली, पण पाय रक्तबंबाळ झाला.

मला विचाराल, तर त्या जंगलात तिच्याएवढं मोठं मन दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

पोपट जवळ आला. "मावशी, हे सारं खरंच चित्र असलं तर?"

"असेल बाबा. पण पाडसाचा जीव जात होता. चित्र कोणी काढलं, हे विचारायला सवड कुठे होती?"

नाईकाची मान खाली गेली. तिचा पाय बरा होईपर्यंत तो स्वतः शेंड्यावर बसला. पोपटाने आपला प्रश्न सोडला नाही, आणि का सोडावा? प्रश्न चांगलाच होता. फक्त आता तो पहाऱ्यावर बसून विचारू लागला.

तात्पर्य : जग खरं की भास, हे कळो न कळो, दुसऱ्याचा जीव मात्र खराच मानावा.