हत्ती भुर्र

"महाराज, राजकन्या चार वर्षांच्या झाल्या, आणि आक्कासाहेब त्यांना अजून चिमणी-भुर्र खेळवत बसतात," दिवाण त्र्यंबकपंतांनी भर सभेत तक्रार केली. "हे पोरखेळ बंद करून पाठांतराला शास्त्री नेमावेत."

सभेने माना डोलावल्या. राजा जयकेतूने थोरल्या बहिणीला बोलावलं. आक्कासाहेब भाचीला, इरावतीला, कडेवर घेऊनच आल्या.

"सगळ्यांनी एक डाव खेळा," त्या म्हणाल्या. "सभेतलं कोणी चुकलं नाही, तर हा खेळ कायमचा बंद. उडणाऱ्याचं नाव आलं तरच बोट वर करायचं. राज्य महाराजांवर."

गालिच्याभोवती बैठक जमली. सगळ्यांनी बोटं टेकवली.

"चिमणी भुर्र," राजा म्हणाला. बोटं वर गेली.

"पोपट भुर्र." पुन्हा वर.

राजाला लहानपणची खोडी आठवली. "हत्ती भुर्र," म्हणत त्याने स्वतःचंच बोट उंच केलं. दिवाणांसकट सगळ्या सभेची बोटं त्यामागोमाग वर गेली. इरावतीचं मात्र गालिच्यावरच राहिलं.

"आबा, हत्तीला पंख कुठे असतात?" ती म्हणाली.

आक्कासाहेब दिवाणांकडे वळल्या. "मी तिला एवढंच शिकवते, दिवाणजी. महाराजांचं बोट वर गेलं, म्हणून हत्ती उडत नाही."

राजा हसता हसता थांबला. गावचं एकुलतं तळं बुजवून तिथे महाल बांधायचा त्याचा बेत सकाळीच याच सभेने एकमताने उचलून धरला होता.

"आक्का, फार उपकार झाले," तो हळूच म्हणाला. "तळं राहू दे. खेळही राहू दे."

मग त्याने लेकीचं ते इवलं बोट उचलून आपल्या कपाळाला लावलं.