मोडल्या मुळांचा घट

हिवरखोऱ्यातील देवीच्या देवळात चंदनगीर महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीच्या नवरात्रातली ही गोष्ट.

देवळाच्या ओवरीत कौतिकाबाई नावाची एक निपुत्रिक विधवा, आया शेतावर गेल्या की त्यांची लेकरे सांभाळी. भिजवलेला हरभरा सोलून ती त्यांना दाखवी, "ह्या दोन डाळी म्हणजे बाळाची शिदोरी. आणि मधे निजलेय ना एवढेसे, ते बाळ. ते आधी पाय काढते, मग डोके." त्या लेकरांखेरीज तिला जगात कोणी नव्हते.

देवीचा घट पेरण्याचा मान तुळाजीरावांच्या घराण्याचा. घट बसल्यावर त्या मातीला कोणी बोटही लावत नसे. पण तिसऱ्या दिवशी लेकरांनी ती उकरली! गव्हाला पाय फुटले का, एवढेच त्यांना पाहायचे होते. कोवळी मुळे मोडून गेली.

तुळाजीराव कडाडले, "काय गं कौतिके, हीच का तुझी शाळा? वांझेच्या हाती पोरे दिली की असेच व्हायचे! उद्यापासून एकही पोर तुझ्या ओवरीत दिसता कामा नये."

कौतिकाबाई महाराजांच्या पायांशी कोसळली. महाराजांनी पाच वर्षांच्या रेवाला जवळ घेतले. "काय पाहिलेस, बाळ?"

"पाय होते, महाराज. पांढरे. डोके नव्हते अजून."

महाराजांचे डोळे भरून आले. "जन्मभर ज्याचे अन्न खाल्ले, त्याचे पाय आज कोणी तरी पाहिले! बाळांनो, तुमच्याच हातांनी निजवा त्यांना पुन्हा. कौतिके, तू पाणी घाल. घट उठेपर्यंत लेकरे तुझ्यापाशीच राहतील."

"मोडके मूळ जीव धरत असते, तर लोकांनी पडलेले दात पेरले असते!" तुळाजीराव म्हणाले, आणि सारा गाव हसला.

सहा दिवस माती मुकी राहिली. कौतिकाबाई पाणी शिंपडत होती. काही मागावे तसे नव्हे, आभार मानावेत तसे. मातीखालच्या अंधारात काय घडत होते, ते तो अंधारच जाणे. दसऱ्याच्या सकाळी पाहतात तो, वीतभर उंच सोनपिवळे धान, इतके दाट की माती दिसेना!

रीतीप्रमाणे पहिला कोंब मानकऱ्याचा. तुळाजीरावांनी तो उपटला, सवयीने मूळ खुडायला बोटे नेली आणि थबकले. जिथे मूळ मोडले होते, नेमक्या तिथूनच तीन नवी मुळे फुटली होती. शुभ्र, मातीचे कण उराशी धरलेली. चाळीस दसरे त्यांनी हे धान फेट्यात मिरवले होते. मुळाकडे एकदाही पाहिले नव्हते.

"महाराज, चुकलो."

"मला काय सांगतोस? शिकवणारी तिकडे बसली आहे," महाराज म्हणाले.

तुळाजीरावांनी फेटा उतरवला. ओवरीत, लेकरांच्या मधोमध, त्यांनी गुडघे टेकले आणि उघडे मस्तक कौतिकाबाईपुढे लववले.

"बाई, हा कोंब तुमच्या हाताने माझ्या कानावर खोवा. मुळासकट."