पंखाची हाक

फार पूर्वी एका अंड्यात कोंबडीचं पिल्लू आकार घेत होतं. त्याच्या इवल्याशा शिरेच्या भिंतीत भिंगरी नावाची पेशी राहायची. एकदा लांबून वाढत्या पंखाची हाक आली, "जीव गुदमरतोय, रक्त पाठवा!"

कोण बोलावतंय ते बघायला भिंगरी पुढे सरसावली. शेजारची चिंगीही उठली.

"तू थांब," भिंगरी म्हणाली.

"का गं? हाक मलाही ऐकू आली!"

"दोघी सुटलो तर भिंतीला भोक पडेल, रक्त सांडेल. माझा हात धर आणि मागून भिंत वाढवत ये."

चिंगी फुरंगटली, पण हात सोडला नाही. भिंगरी चाचपडत पुढे निघाली, तशी मागे शीर लांबत गेली. अखेर दोघी पंखाशी पोचल्या. चिंगीच्या मागून ऊन ऊन रक्त आलं आणि पंख थरथरला.

"अगंबाई, हलला!" चिंगी ओरडली.